पोटातली बिऱ्हाडं

हॅलो?... हॅलो, कोण बोलतंय?... वारिजा? अगं, हा नंबर कुणाचा?... रक्षिताचा होय! ती बाजारात गेलीय?... लेकीचा फोन घेऊन बसलीस, मग तुझ्या फोनला काय झालं?... पडला? कसा पडला?... बरं, बरं. चिडू नकोस, नुसतं विचारलं.

बोल. मोकळीच आहे मी... म्हणजे मोगरा गुंफतेय, पण त्याला तोंड कुठे लागतं? फोन पाटावर ठेवलाय, स्पीकर लावून... हो, यंदा शंकरपुऱ्यात सगळ्यांच्याच दारात पांढरं झालंय. नुसता वास. फुलांची सकाळची गाडी गेली, हा राहिलेला देवळात द्यायचाय...

काय?... काय म्हणालीस?... कुणी सांगितलं तुला?...

आपल्या चुलतबहिणीने, सुनंदाने! तरीच. त्या दिवशी बसमध्ये मागच्या बाकावरून मान लांब करून बघत होती. मला वाटलं, माझी साडी आवडली असेल तिला...

हो, नेला. बर्फाचा डबा नेला... हो गं, त्यात तेच होतं... माझंच! दुसऱ्या कुणाचं नेणार? तुझ्या भावोजींचं?...

अगं, ओरडतेस काय? अख्ख्या शिमोग्याला ऐकू जाईल... रक्षिताच्या होणाऱ्या सासरच्यांना कळलं तर? कळू दे की. तुझ्या व्याह्यांना माझ्या डब्याशी काय करायचंय? हुंड्यात मागणार आहेत का ते?... वारिजा, अगं ऐक ना... ऐक तर! शी काय त्यात? तुझ्या रक्षिताचे लंगोट मी धुतलेत, अख्खा पावसाळा. चुलीवर वाळवलेत. तेव्हा नाही कधी शी म्हणालीस...

हां. आता कशी हसलीस.

सगळं सांगते, पण मधे मधे शी शी करायचं नाही... नाही, अर्धंच माहितीये तुला. तू लग्नाच्या गडबडीत, मी इथे गोळ्यांच्या गडबडीत. फोनवर नुसतं 'कशी आहेस, बरी आहे' एवढंच होतं आपलं.

तुला आठवतं, गेल्याच्या गेल्या वर्षी, ऐन बहरात माझे हात धरले होते?... तेव्हा सकाळी उठलं की बोटं लाकडाची. मूठ वळायची नाही. दात घासायचा ब्रश धरता यायचा नाही. आणि मोगरा कधी काढायचा असतो? सकाळीच ना! कळी उमलायच्या आत काढायची, केळीच्या सोपटात गुंफायची, गाडी यायच्या आत द्यायची. माझी बोटं सुटायची दुपारी. तेव्हा गाडी मंगळूरच्या वाटेला लागलेली, आणि टोपलीतल्या कळ्या उमलून माझ्याकडे बघत बसलेल्या. रडू यायचं गं. लहानपणापासून जे हात डोळे मिटून गाठ मारायचे, त्या हातांतून कळ्या गळायच्या...

तू काय म्हणाली होतीस आठवतं?... नागदोष!... म्हणालीस, म्हणालीस! नागाचं काहीतरी राहिलंय म्हणालीस. मग केलं की. नागबनात जाऊन नारळाचं पाणी, हळद, दूध, सगळं घातलं. नाग खूश झाला. माझी बोटं तशीच...

शेजारची म्हणाली वात. औषधाच्या दुकानातला म्हणाला वय. तेल चोळून झालं, निर्गुडी बांधून झाली. एकीने सांगितलं, पाण्यात हात घालू नको. हात न घालता भांडी कशी घासायची ते नाही सांगितलं तिने...

वेणी? वेणी तुझ्या भावोजींनी घातली!... खरंच. खोटं कशाला सांगू? म्हशीच्या दाव्यासारखी आवळली. मी देवळात डोक्यावरून पदर घेऊन गेले, तर लोक म्हणाले, जलजाक्षी किती सोज्वळ झाली... हुक? ब्लाउजचे हुकही तेच लावायचे. आधी चष्मा शोधायचे, मग हुक. लग्नाला एवढी वर्षं झाली, एवढं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं माझ्याकडे...

हसलीस ना? हस, हस. तेव्हा मीही त्यांच्यासमोर हसायचे, आणि ते बाहेर गेले की मोरीत जाऊन बसायचे. मोगरा गुंफायलाही शिकले ते माझ्यापायी. ती माळ बघून गाडीवाला म्हणाला, सेसप्पण्णा, ही माळ आहे की बोंबिलाची जुडी? तरी रागावले नाहीत. रोज बसायचे.

मग त्यांनीच नेलं मला उडुपीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात. रक्त काढलं, हातांचे फोटो काढले. तेव्हा कळलं, हा म्हातारपणाचा गुडघेदुखीवाला नव्हेच. हा संधिवात निराळा. आमवात म्हणतात ना, तो. कसं सांगू तुला... अंगात राखणीला जे असतात ना, रोगाशी भांडणारे, त्यांचीच मती फिरते. ते आपल्याच सांध्यांवर धावून जातात. आमच्या टायगरसारखं. चोर आला की शेपूट हलवतो, आणि तुझा नवरा, भोजराज, आला की त्याच्या धोतराला धरतो...

नाही, वेडा नाही झालेला टायगर. विषय तो नाहीये, वारिजा!

गोळी सुरू केली. आठवड्यातून एकदाच घ्यायची... एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं डोळे मोठे करून सांगितलं त्यांनी. मधूनमधून रक्त तपासायचं. दोन-अडीच महिने काही फरक नाही. मी म्हटलं, झालं, ही पण नागासारखीच. आणि एक दिवस सकाळी उठले, चूल पेटवली, केस बांधले... आणि बांधून झाल्यावर लक्षात आलं की मीच बांधले...

हो. तिथेच उभी राहिले. दूध उतू गेलं.

आता बरी आहे गं. गुंफतेय ना, ऐकू येत नाही का सोपटाचा आवाज? पूर्वीसारखा वेग नाही. आणि उजवी करंगळी वाकडी राहिली ती राहिली. रोगाचं नाव कळेपर्यंत तिचा सांधा झिजून गेला होता. तिला कळी घ्यायला लावत नाही मी, ती नुसती बाजूला उभी राहून बघते. सासूबाईसारखी...

आता डब्याचं. तेच सांगतेय. तूच मधे टायगर आणलास... मी आणला? बरं, मी आणला.

तिथे एक डॉक्टरीण आहे, सिंथिया नावाची. आपल्याच बाजूची, शिर्व्याची. रक्षितापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिने मला विचारलं, जलजाक्क, एका अभ्यासात भाग घ्याल का? म्हटलं, मी सातवी पास, कसला अभ्यास? तर म्हणाली, तुम्ही काही करायचं नाही, फक्त सकाळचं थोडंसं द्यायचं...

मीही अशीच ओरडले! तुझीच बहीण ना?

तिने समजावलं मग. आपल्या पोटात, आतड्यात, असंख्य जंतू राहतात म्हणे. जन्मापासून... किडे नव्हेत गं, जंत नव्हेत. डोळ्यांना न दिसणारे. आपण जेवलो की त्यांचं जेवण होतं. बरेचसे गुणी असतात, अन्न पचवायला मदत करतात, राखणदारांना शिकवतात, कोण आपला, कोण परका. मी म्हटलं, म्हणजे बिऱ्हाडं. पोटाची चाळ, आणि ही सगळी भाडेकरू बिऱ्हाडं. ती खूप हसली. म्हणाली, अगदी तसंच...

हां, तर ज्यांना हा आमवात नुकताच सुरू झालाय अशा लोकांच्या चाळीत बघितलं, तर एका ठरावीक जातीचं बिऱ्हाड फार माजलेलं सापडतं म्हणे. म्हणजे सगळ्यांच्यात नाही, पण बऱ्याच जणांत. आणि चांगली शेजारची बिऱ्हाडं कमी झालेली...

नाही! तेच मी विचारलं. मग त्या बिऱ्हाडाला हाकलून द्या की, आमवात जाईल. तर म्हणाली, तसं नाही जलजाक्क. चोरी झाली तिथे एक माणूस उभा दिसला, तो चोर आहे की नुसता बघ्या, की चोराला दार उघडून देणारा, ते अजून नक्की ठरलेलं नाही. तेच तर शोधतोय आम्ही. आणि ही गोळी कुणाला लागू पडते, कुणाला नाही, तेही या बिऱ्हाडांवर असतं की काय, तेही बघतायत...

दही?... थांब, थांब. गोळी बंद करून दही?... कुणी सांगितलं?... मोबाईलवर आलं होतं! वारिजा, मोबाईलवर तर असंही आलं होतं की समुद्राचं पाणी गोड होणार आहे. दही खा, ताक पी, पेज पी, कोण नको म्हणतंय? मीही पिते. पण त्याने गोळी सुटत नाही. सिंथियाने हात जोडून सांगितलं मला, पोट साफ करायच्या पुड्या, मोठ्या जाहिरातीच्या बाटल्या, काही घेऊ नका आणि गोळी सोडू नका... तुझ्या भावोजींनी आणली होती ना एक बाटली! महाग होती म्हणून मी नाही म्हटलं, तर स्वतःच पीत बसले. दोन दिवस परसात फेऱ्या. त्यांची बिऱ्हाडं सामानसुमानासकट बाहेर...

हो, हो... हसून घे आधी. खोकला आला? पाणी पी.

बरं, तर डबा. सिंथियाने सगळं दिलं. संडासावर बसवायचं एक कागदाचं भांडं, झाकणालाच चमचा लावलेली डबी, पिशव्या, बर्फाचा डबा. म्हणाली, सकाळी झालं की लगेच घेऊन या, उन्हात ठेवू नका. मी म्हटलं, हे काय अवघड! जन्मभर घड्याळ लावावं असं पोट माझं. आणि त्या दिवशी काय झालं सांगू?... संप!... हो! गरम पाणी प्यायले, पपई खाल्ली, अंगणात फेऱ्या मारल्या. तुळशीला सुद्धा फेऱ्या मारल्या, आता म्हटलं पुण्य तर पुण्य. आणि तुझे भावोजी दाराबाहेर उभे. 'झालं का? झालं का? बस जाईल.' असं कुणी दारात उभं राहिल्यावर होतं का कुणाचं?... शेवटी मी आतून ओरडले, तुम्ही आधी मोगऱ्याच्या वाफ्यात जा! ते गेले, आणि इकडे संप मिटला...

सांगतेय ना! बस. बसमध्ये मी डबा मांडीवर घेऊन बसले, आणि शेजारी कोण यावी? मलपेची मासेवाली, गिरिजा. टोपली रिकामी करून निघालेली. बर्फाचा डबा बघितल्यावर तिचे डोळे चमकले. 'काय अक्का, सुरमई?' म्हटलं, नाही गं. 'मग कोळंबी? एवढी जपून धरलीयस म्हणजे मोठी असणार.' नाही गं बाई. 'दाखव तर, ताजी आहे का सांगते'... अगं, हात पुढे केला तिने! झाकणावर!... मी काय करणार? डबा छातीशी धरला आणि म्हटलं, औषध आहे, उघडलं की वाया जातं. तर ती दुखावली. म्हणाली, 'दुसरीकडून घेतलेत ना मासे? सांग की सरळ. वीस वर्षं तुझ्या दारात टोपली उतरवली मी'...

हो! अजून बोलत नाही माझ्याशी. गेल्या आठवड्यात दारावरून गेली, हाक नाही मारली. आता तिला खरं सांगायचं तरी कसं?... नाही, तू सांगू नकोस! सुनंदाला तर मुळीच नको...

बरं, वारिजा. हसून झालं ना? आता कामाचं बोलते. मी तुला आज संध्याकाळी फोन करणारच होते. बरं झालं तूच केलास.

सिंथियाने विचारलंय, सख्खी बहीण आहे का?... तू आहेस ना, म्हणून. आपल्या आईच्या पोटच्या दोघीच आपण. सख्ख्या नात्यातल्या, आजार न झालेल्या माणसांचंही हवंय त्यांना. एकाच घरात, एकाच चुलीवर वाढलेल्या दोघी, एकीला झालं, एकीला नाही, तर दोघींच्या पोटात फरक काय... आणि रक्तही तपासतात. कधी कधी दुखणं यायच्या आधी रक्तात दिसतं म्हणे...

येणार नाहीस? का?... लग्न आहे, मान्य. पण लग्न वैशाखात आहे, उद्या सकाळी नाही... चकल्या करायच्यात? किती?... बाप रे! व्याह्यांच्या मंगळूरच्या अख्ख्या गल्लीला पुरतील. आणि भोजराज काय करतोय?... मांडव. बरं...

'मी ठणठणीत आहे' काय? मी कुठे म्हटलं आजारी आहेस? ठणठणीत लोकच हवेत म्हणतेय ना... मग एवढी उसळतेस कशाला?

वारिजा.

एक विचारू?... तुझा फोन कसा पडला गं?... ओला हात होता. बरं. आणि त्या आधी ती कढई?... कसली कढई म्हणून मलाच विचारतेस?... सुनंदाच म्हणाली मला. तुझ्या घरी आली होती ना लग्नाची यादी करायला. म्हणाली, वारिजाच्या हातून पिठाची कढई सुटली, आणि वारिजा कढईकडे न बघता आधी दाराकडे बघत होती, कुणी पाहिलं का... सुनंदा सगळीकडे बातम्या पोचवते बाई, तुझ्या माझ्याकडे आणि माझ्या तुझ्याकडे.

सकाळी उठल्यावर मूठ वळते का तुझी?...

हॅलो?... वारिजा?... लाईन गेली की तू गेलीस?...

आहेस ना. बांगड्या वाजल्या तुझ्या.

वळते की नाही, एवढंच सांग... चहा होईपर्यंत नाही वळत. बरं... जेवण होईपर्यंत?... बरं. दोन्ही हात?... कधीपासून?... दिवाळीपासून!...

नाही, मी ओरडत नाहीये. आवाजच मोठा आहे माझा... अगं, रक्षिताच्या साखरपुड्यात सगळा वेळ तुझे हात पदराखाली. मी तुझ्या भावोजींना म्हटलं, वारिजाने नवी साडी नेसली की राणीसारखी बसते बघा. मला काय माहीत... अंगठी?... कापून काढली?... कुठे?... भोजराजला तरी सांगितलंस का?... त्यालाही नाही. अगं, मग रात्री दुखतं तेव्हा करतेस काय?... उशीखाली हात दाबून झोपतेस...

रडू नकोस. रड. म्हणजे रड, पण फोन ठेवू नकोस.

...

हो. सांग... हो... म्हणजे तुला वाटतं, आईला असं आहे कळलं की ते म्हणतील, मावशीला आहे, आईला आहे, उद्या मुलीला होणार. आणि लग्न मोडतील... हो, हो, कळलं मला. म्हणून गप्प बसलीस. वैशाख होईपर्यंत. म्हणून माझा डबा ऐकून एवढी बिथरलीस. मला वाटलं, लाज वाटते तुला...

ऐक माझं. हे मीच सिंथियाला विचारलंय, कारण मला सुद्धा रक्षिताचीच काळजी वाटली होती. ती म्हणाली, सख्ख्या नात्यात जरा जास्त शक्यता असते, इतरांपेक्षा. पण बहुतेकांना होतच नाही. ठरलेलं काही नसतं... आणि तुझं हे तेच आहे की आणखी काही, ते तरी आपण दोघींनी फोनवर ठरवायचं का? हातांना कशानेही सूज येते. तपासायला नको?... पण तेच असेल ना वारिजा, तर वैशाखापर्यंत थांबायचं नाही. सूज लवकर आटोक्यात आली तर सांधे वाचतात. माझी करंगळी आता कुठल्या गोळीने सरळ होणार नाही, पण तुझी बोटं अजून आहेत ना सरळ?... आहेत ना?... मग! कन्यादानाच्या वेळी तो पाण्याचा तांब्या धरायचाय तुला. भोजराजच्या भरवशावर सोडतेस? तो सगळं पाणी भटजींच्या अंगावर ओतेल...

हां. नाक पूस. कशाने पुसतेस, मला ठाऊक आहे. पदराने...

काय आवाज झाला?... कोण आहे तिथे?... रक्षिता?... अगं, तू घरात आहेस? तुझी आई म्हणाली, तू बाजारात... स्पीकरवर? म्हणजे इकडे मी स्पीकरवर, तिकडे तुझी आई स्पीकरवर... धरता येत नाही म्हणून. हो. कळलं. किती ऐकलंस तू?... सगळं?... डब्यापासून?... देवा! मावशीची काही इज्जत ठेवली नाहीस...

काय?... माहीत होतं तुला?... कधीपासून?...

थांब, हळू बोल. रडत रडत बोललीस तर काही कळत नाही... पौषात. आईला वेणी घालता येईना, तेव्हा. बरं... मग?... म्हणून तू पहाटे उठायला लागलीस?... 'सासरी करावं लागेल, शिकू दे मला' असं म्हणून? पीठ मळायचं, नारळ खवायचा, सगळं तूच?... वारिजा, ऐकतेस ना? ही तुझी पोरगी, जिला उठवायला तू तोंडावर पाणी मारायचीस, ती पौषाच्या थंडीत उठून पीठ मळतेय, आणि तू मला पुनवेला काय सांगत होतीस? पोरीला सासरची ओढ लागली, म्हणे! माझ्याकडे कधी केलं नाही हिने एवढं, म्हणे!...

दोघीही शहाण्या. एक हात लपवतेय, दुसरी ते बघितलेलं लपवतेय. एका स्वयंपाकघरात.

रक्षिता, मग तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला... हो, प्रख्यातला. त्याला काही कळलंय का?... सांगितलंस? तू स्वतः?... सगळं? मावशीचं पण?... मग काय म्हणाला?...

काय?...

'मग चकल्या विकत आणू'?... एवढंच?... हाहा! वारिजा! ऐकलंस?... अगं, ऐकलंस का? तू दिवाळीपासून रोज मनात लग्न मोडून बसलीस, आणि त्या पोराला फक्त चकल्यांची काळजी पडली!... आणि त्याची आई?... तिनेच डॉक्टर शोधून ठेवला होता? मग बोलली का नाही?... 'विहीणबाई आपणहून सांगेपर्यंत आपण विषय काढायचा नाही'... अशी बाई आहे होय. वारिजा, तुझ्यापेक्षा मला आवडली तुझी विहीण...

बरं, रक्षिता, लिहून घे. नको, लिहू नकोस, लक्षात ठेव. परवा सकाळच्या बसने घाट उतरायचा. आईला खिडकी दे, आगुंबेच्या वळणांवर तिला गाडी लागते. तपासणीचं मी सिंथियाला आजच सांगून ठेवते. आणि तोपर्यंत दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून गिळायच्या नाहीत, हे आईला सांग... घेतेय? वारिजा! किती?... बरं, तेही डॉक्टरांना सांगायचं. माझ्यासमोर सांगायचं, म्हणजे कमी करून सांगणार नाहीस...

भोजराजला आज जेवताना सांगा. भात वाढायच्या आधी नको, नंतर. तो रडतो, आणि मग जेवत नाही.

काय म्हणते आई?... अभ्यासाचं? ते तिच्यावर आहे. आधी हात, मग पोट. नको वाटलं तर नको. कुणी जबरदस्ती करत नाही... देणार म्हणते? अगं, मघाशी माझा गळा धरत होती!... तू पण देणार, रक्षिता?... दे की. पण प्रख्यातला आधी नीट समजावून सांग. नाहीतर म्हणेल, या घरच्या बायका माहेरून डबे कसले आणतात...

हो, हो. हसताय दोघी. ऐकू येतंय.

आता थांबा जरा. हसणं थांबलं का तिचं?... परत रडतेय? दोन्ही एकदम?... असू दे. मलाही तसंच झालं होतं, दूध उतू गेलं तेव्हा. बोलू नकोस तिच्याशी. जवळ बस... बसलीस?... हात धरलास का तिचा?... तसा नाही गं! मुठीत आवळायचा नाही. आपला तळवा खाली ठेव, आणि तिचा हात नुसता वर ठेवू दे. हलका... हां, तसा.

दुखतंय का विचार... नाही, तू नको सांगूस, तिला विचार...

काय म्हणाली?

बरं वाटतं म्हणाली?... मग राहू दे तसाच. फोन मी ठेवते.